मदत मुलाला, आधार घराला

अल्फारेटासारख्या सुखवस्तू गावात राहताना आपल्यातील एखादे घर ओढाताणीने चालले असेल, हे सहसा ध्यानात येत नाही. मागणाऱ्याला संकोच वाटतो आणि देणाऱ्याला दिसत नाही. लहान मुलांच्या गरीब आईबापांना आधार द्यावा कसा, हा प्रश्न मात्र नवा नाही.

आपल्या समाजातील सुरुवात वाचकांना ठाऊकच आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपास आली. त्या शाळेने पिढ्या घडवल्या. परंतु मूल शाळेत असते दिवसाचे काही तास. बाकीचा वेळ ते आईजवळ असते. १९१३ साली आपल्या भगिनींनी स्त्री मंडळ स्थापन केले, तेव्हा समाजाचे लक्ष घरातील स्त्रीकडेही वळले.

इकडे अल्फारेटाच्या दक्षिणेस, अटलांटा शहरात, ज्यू समाजाने १८८९ साली 'हिब्रू ऑर्फन्स होम' उघडले. तेथील कित्येक मुलांचे वडील वारलेले असत, पण आई जिवंत असे. तिच्यापाशी पोसण्याची ऐपत नसे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी चालकांच्या ध्यानात आले की, मुलाला आईपासून दूर करण्यापेक्षा आईलाच दरमहा मदत दिलेली बरी. त्याप्रमाणे विधवा मातांना पैसे मिळू लागले. जेथे ते शक्य नव्हते तेथे मुले दुसऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. १९३० साली अनाथाश्रमाची इमारत बंद झाली. काम मात्र थांबले नाही.

पैशाने पोट भरते, पण शिकवणार कोण? याचे उत्तर इस्रायलमध्ये मिळाले. आशिया-आफ्रिकेतून आलेल्या गरीब कुटुंबांची मुले शाळेत मागे पडत होती. १९६९ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील अविमा लोम्बार्ड यांनी त्यांच्यासाठी एक योजना आखली. हिब्रूत तिला 'हाएतगार', म्हणजे आव्हान, असे नाव पडले. वस्तीतीलच एखादी आई प्रशिक्षण घेऊन दुसऱ्या आईच्या घरी जाई. दोघी जणी आळीपाळीने आई आणि मूल होऊन धडा गिरवीत. मग ती आई रोज पंधरा-वीस मिनिटे आपल्या मुलाला गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवी. १९८४ पासून ही योजना अमेरिकेतही आली.

आपल्या महाराष्ट्रातही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच ओळखले होते. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी. 'अंगणवाडी' हा शब्द तेथलाच.

जॉर्जिया राज्याने १९९२ साली गरीब घरच्या चार वर्षांच्या मुलांसाठी बालवर्ग सुरू केले आणि १९९५ साली ते सर्वांना खुले केले. हे मोठेच काम आहे. तरीही परक्या देशात, नातेवाइकांविना, दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या आईला धीर देणारे माणूस सरकार पाठवू शकत नाही.

ते माणूस आपण होऊ शकतो. वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी मुंबईच्या एका खोलीत चार-चार मुले वाढवली, शिकवली. शाबाथनंतर एखाद्या तरुण घरी चहाला जावे, मुलाला मांडीवर घेऊन मराठीत गोष्ट सांगावी, आणि मदत हवी का, हे चारचौघांत न विचारता स्वयंपाकघरात हळूच विचारावे. केहिमकरांचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे.