विमाननिर्मितीतील शिकाऊ उमेदवारी
विमानाचा सांगाडा, त्याचे सुटे भाग आणि आतील यंत्रणा तयार करणाऱ्या कारखान्यात ठरावीक मुदतीचा करार करून, विद्यावेतनावर घेतलेले प्रत्यक्ष कामाचे शिक्षण. बोलीभाषेत यास ‘अप्रेंटिसशिप’ म्हणतात. बीड जिल्ह्यात विमानाचा कारखाना नाही. येथील आयटीआय, पदविका व पदवीधारक तरुणांना या शिक्षणासाठी मुख्यतः नाशिक जिल्ह्यातील ओझर (ता. निफाड) येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल) या सार्वजनिक कंपनीच्या कारखान्याकडे पाहावे लागते. बीडपासून हे ठिकाण सुमारे तीनशे किमी. दूर आहे.

भारतातील विमाननिर्मितीचा आरंभ सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे स्थापन केलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने झाला. मिग-२१ विमाने परवान्याने बनविण्यासाठी १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया ही कंपनी निघाली आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी दोन्हींच्या एकत्रीकरणातून एचएएल उभी राहिली. मिगच्या सांगाड्याचे काम ओझरला आणि इंजिनाचे ओडिशातील कोरापुट येथे गेले. यशवंतराव चव्हाण त्या काळी संरक्षणमंत्री होते आणि लोकसभेत नाशिकचे प्रतिनिधित्व करीत होते. ओझर येथे मिग-२१ नंतर मिग-२७ आणि २००४ पासून सुखोई-३० एमकेआय ही विमाने तयार झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस एमके-१ए च्या तिसऱ्या आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या उत्पादनसाखळीचे येथे उद्‌घाटन झाले.

शिकाऊ उमेदवारीचा कायदेशीर पाया म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम. आरंभी तो आयटीआयच्या व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंते त्यात आले. तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने त्याच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे २०१९ च्या सुधारित नियमांनुसार बंधनकारक आहे. कायद्याच्या दृष्टीने हा उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे कामगारविषयक कायदे त्याला सरसकट लागू होत नाहीत. मात्र आरोग्य व सुरक्षिततेची तरतूद आणि अपघाताची भरपाई यांवर त्याचा हक्क असतो.

बीड, अंबाजोगाई व इतर तालुक्यांतील आयटीआयमधून फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांसारखे व्यवसाय पूर्ण केलेल्यांची उमेदवारी साधारणपणे एक वर्षाची असते. निवड बहुतांशी दहावी व आयटीआयच्या गुणांवरून होते. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दसऱ्यानंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात, तेथे ही अट साधी राहत नाही. ऐन शाळेच्या दिवसांत आईवडिलांबरोबर फडावर गेलेल्या मुलाचे दहावीचे गुण त्याच्या हातातील कसब सांगू शकत नाहीत. अर्ज, शासकीय संकेतस्थळावरील नोंदणी, कागदपत्रे आणि, कारखाना संरक्षण खात्याशी संबंधित असल्याने, पोलीस पडताळणी हे टप्पेही ओलांडावे लागतात.

आयटीआयमध्ये फिटर लोखंडाच्या ठोकळ्यावर कानस चालवायला शिकतो. विमानाच्या कारखान्यात त्याच्या हाती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा, काही ठिकाणी टिटॅनियम येते आणि मापाची सवय बदलावी लागते. पत्रे व बरगड्या जिगमध्ये (भाग नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यात) घट्ट बसवून भोके पाडतात, भोकाच्या कडेला राहिलेली बर काढतात, लागेल तेथे काउंटरसिंक करतात म्हणजे भोकाचे तोंड खोलगट रुंद करतात, कारण रिव्हेटचे डोके पृष्ठभागाच्या वर राहिले तर हवेचा प्रवाह बिघडतो. रिव्हेट ठोकण्याचे काम दोघांचे असते : एक जण हवेच्या दाबावरील गन चालवतो, दुसरा मागून जड ठोकळा धरून ठेवतो. काही मिश्रधातूंचे रिव्हेट उष्णतोपचारानंतर आपोआप कठीण होत जातात. म्हणून ते शीतपेटीत ठेवतात आणि बाहेर काढल्यावर थोड्याच मिनिटांत वापरावे लागतात. इलेक्ट्रिशियन तारांचे जुडगे बांधणे, टोकांना क्रिम्पिंग करणे आणि प्रत्येक तारेचे सातत्य तपासणे शिकतो. नटबोल्ट टॉर्क पान्याने नेमक्या बलाने आवळून, सैल होऊ नयेत म्हणून गरज असेल तेथे तारेने बांधतात.

या सर्वांहून कठीण शिक्षण शिस्तीचे आहे. विमानात विसरलेला एक वॉशर उड्डाणात नियंत्रणाची दांडी अडवू शकतो किंवा इंजिनाची पाती मोडू शकतो. म्हणून प्रत्येक हत्याराची मोजदाद असते. पाळी संपताना एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत काम पुढे सरकत नाही. प्रत्येक भागाबरोबर त्याचा कागद फिरतो : धातू कोणत्या खेपेचा, काम कोणी केले, तपासले कोणी. तपासणीचा शिक्का मारण्याचा अधिकार शिकाऊ उमेदवाराला नसतो. लष्करी विमानांच्या बाबतीत कंपनीच्या निरीक्षकांवर संरक्षण मंत्रालयाच्या गुणवत्ता हमी यंत्रणेची देखरेख असते. चूक झाल्यास ती झाकण्याऐवजी ताबडतोब सांगणे हा येथला पहिला नियम आहे, आणि एका वर्षात उमेदवार बाकी काही शिकला नाही तरी एवढे शिकला पाहिजे.

२०१९ च्या नियमांनी किमान मासिक विद्यावेतन आयटीआय प्रमाणपत्रधारकाला ७,००० रु., पदविकाधारकाला ८,००० रु. व पदवीधराला ९,००० रु. असे ठरविले. गावी राहणाऱ्याला ही रक्कम उपयोगाची आहे. ओझर-नाशिक परिसरात खोलीभाडे, खाणावळ आणि गावी जाण्यायेण्याचे भाडे यांतच ती संपते. बीडच्या उमेदवाराची खरी अडचण ही आहे. त्यामुळे अनेकांना जिल्ह्यातच परळीच्या औष्णिक वीजकेंद्रातील किंवा एसटी आगारातील उमेदवारी परवडते.

मुदतीअखेर अखिल भारतीय व्यवसाय चाचणी उत्तीर्ण झालेल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. ते प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे. उमेदवाराला सामावून घेण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर बाबी समान असल्यास प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे, असे मार्गदर्शन केले. राज्यात अशा कुशल हातांना नागपूरच्या मिहान क्षेत्रातही वाव आहे. तेथे दसॉ-रिलायन्स कंपनी फाल्कन विमानांचे भाग बनवते आणि नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये विमानाची संरचना व उपकरणे जोडणाऱ्या फिटरचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला आहे. मराठवाड्यातील एखाद्या आयटीआयमध्येही असा अभ्यासक्रम निघाला, तर बीडच्या मुलांचे निम्मे शिक्षण घराजवळ होईल. शासनाने तो सुरू करावा.