उडीची कुळकथा

भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या आसपास एखादा मुलगा सोसायटीच्या आवारात हातांवर उलटा उभा राहिला, की वरच्या गॅलरीतून निकाल लागतो : ‘वाया गेलंय कार्टं.’ रंगवलेले केस, ढगळ टी-शर्ट, मोबाइलवर वाजणारं गाणं, एवढा पुरावा पुरतो. पण ज्या उडीसाठी तो तळहात सोलून घेतोय, तिला कूळ आहे. एक नव्हे, दोन.

पहिलं न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधलं. ११ ऑगस्ट १९७३ला बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड लावणाऱ्या कूल हर्क या तरुणाने हेरलं होतं की गाणं थांबून नुसता ताल उरतो, तिथे पोरं जीव तोडून नाचतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवत तो हा ‘ब्रेक’ लांबवू लागला. त्यावर जमिनीला भिडून नाचणारे ते बी-बॉय. वडीलधाऱ्यांचा संशय तिथेही होताच. १९८०मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकात दंगल समजून पोलिसांनी काही मुलांना धरलं. ‘आम्ही भांडत नव्हतो, नाचत होतो’, असं ती सांगत राहिली. १९८४नंतर ‘ब्रेकिन’सारख्या सिनेमांच्या कॅसेटींमधून ही नृत्यशैली आपल्याकडे पोचली आणि १९९६पासून ‘बूगी वूगी’ या टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेने ती घराघरांत नेली.

दुसरं कूळ आपलंच, दहीहंडीचं. ब्रॉन्क्सचा नाचणारा रिंगणात एकटा उतरतो. आपल्याकडच्या पोरांनी त्यात थर घातला. चौघं मनगटं एकमेकांत अडकवतात, वजनाने हलका पोरगा त्यावर पाय देतो, तालाच्या नेमक्या ठोक्याला चौघं मिळून त्याला वर भिरकावतात. हवेत दोन कोलांट्या घेऊन तो पलीकडच्यांच्या हातांत उतरतो. पाय रोवून उभे राहणारे खाली, हलका पोरगा सर्वांत वर आणि झेलणाऱ्यांवर आंधळा विश्वास : माझ्या मते ही शिस्त गोविंदा पथकांची आहे.

भाईंदर-नायगाव पट्ट्यातल्या ‘व्ही अनबीटेबल’ या नृत्यपथकाने ही उडी जगाला दाखवली. नावातला ‘व्ही’ म्हणजे विकास, सरावात पडून जायबंदी झालेला आणि पुढे दगावलेला त्यांचा सोबती. पिवळ्या टी-शर्टवर त्याचं नाव घेऊन ही मुलं २०२०मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स’ ही अमेरिकेतली टीव्ही स्पर्धा जिंकली. त्याच्या आदल्या वर्षी खाडीपलीकडच्या वसई-नालासोपाऱ्यातल्या ‘किंग्ज युनायटेड’ या पथकाने ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही तिथलीच स्पर्धा जिंकून दहा लाख डॉलर आणले होते. तेव्हा सत्कार झाले, बॅनर लागले.

मला राग येतो तो इथेच. गोकुळाष्टमीला तोच मुलगा खांद्यांवर चढला की आपण शिट्ट्या वाजवतो. दुसऱ्या दिवशी गाणं बदललं की तो उनाड ठरतो. आईबापांची भीती मला कळते. नाचून पोट भरेल का, मान मोडली तर काय, हे प्रश्न खरेच आहेत. पण ते प्रश्न गोविंदालाही लागू होते आणि तिथे आपण उत्तरं शोधली. २०२२मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदाच्या मृत्यूसाठी दहा लाखांची मदत जाहीर केली. नाचाच्या सरावात पडणाऱ्या पोरालाही अशी मदत हवी. आणि संध्याकाळी दोन तास का होईना, महापालिकेचं एखादं सभागृह, खाली जाड मॅट घालून.