अकिलीस कंडराविकार व व्यायामोपचार

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी अकिलीस कंडरा (टेंडन) दीर्घकाळ दुखत राहण्याचा विकार. ही शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा होय. पोटरीतील गॅस्ट्रोक्नीमियस आणि सोलियस हे स्नायू तिच्यात एकवटतात. धावताना प्रत्येक पावलागणिक तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. हा विकार एक तर टाचेच्या वर २ ते ६ सेंमी. अंतरावर, म्हणजे कंडरेच्या मधल्या भागात होतो, किंवा ती हाडात रुजते त्या जागी. दोन्हींचे उपचार सारखे नाहीत.

लक्षणे : सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले टाच आखडलेली असते, चालू लागले की मोकळी होते. धावायला सुरुवात करताना दुखते, अंग तापल्यावर दुखणे विसरायला होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोके वर काढते. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत कंडरा हलकेच धरून पाहिली, तर मधल्या भागात फुगीर, हुळहुळी जागा हाताला लागते. याउलट खेळता खेळता मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटली असण्याचा संभव असतो. अशा वेळी व्यायाम न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कारणे : ताणात अचानक झालेली वाढ हे प्रमुख कारण. मॅरेथॉन जवळ आली म्हणून आठवड्याचे अंतर एकदम वाढवणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मधुमेह व रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांचाही संबंध आढळतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरा दुखावू वा तुटू शकते. हे रुग्णांना फार कमी वेळा सांगितले जाते.

कंडरेत नेमके काय बिघडते, हे कळल्याशिवाय उपचाराची दिशा उमगत नाही. येथे निव्वळ सूज नसते. कोलॅजनच्या समांतर तंतूंची मांडणी विस्कटते, त्यांच्यामध्ये पाणी धरून ठेवणारे द्रव्य वाढते, नव्या रक्तवाहिन्या व चेतातंतू आत शिरतात. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये, शीतयुद्धकाळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ च्या आधारे, प्रौढांच्या अकिलीस कंडरेचे वय तपासले. तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षांपर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही, असे त्यांना दिसले. म्हणून मालिश, लेप, क्रेप बँडेज यांनी घटकाभर बरे वाटले, तरी कंडरेची ताकद वाढत नाही. संपूर्ण विश्रांतीने तर ती आणखी घटते. कंडरेला मोजूनमापून ताण देत राहणे हाच उपचाराचा कणा आहे.

उतरता व्यायाम : स्वीडनमधील उमिओ येथील शल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये १५ हौशी धावपटूंवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा व्यायाम पायरीवरचा. कठड्याचा आधार घेऊन पायरीच्या कडेवर चवडे टेकायचे, चांगल्या पायाच्या जोरावर टाचा उचलायच्या, मग सारा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच पायरीच्या पातळीखाली सावकाश उतरवायची. वर येताना पुन्हा चांगला पाय. गुडघा ताठ ठेवून १५ वेळांच्या ३ फेऱ्या, वाकवून तेवढ्याच. दिवसातून दोनदा, रोज, १२ आठवडे. म्हणजे दिवसाला १८० वेळा. व्यायाम सोपा वाटू लागला की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचे. ते सर्व धावपटू पूर्वीइतके धावू लागले. पुढच्या अभ्यासांत सगळ्यांनाच इतके यश आले नाही, पण पायरीवरचा हा व्यायाम जगभर रुजला. कंडरा हाडात रुजते तिथे दुखत असेल, तर मात्र टाच जमिनीच्या पातळीखाली नेऊ नये. तिथे ती हाडावर दाबली जाते आणि दुखणे चिघळते.

सावकाश व जड व्यायाम : रोज १८० वेळा हा नेम नोकरी-संसार सांभाळून पाळणे कठीण. डेन्मार्कमधील २०१५ च्या अभ्यासात आठवड्यातून तीनदा, जड वजनाने, वर जायला ३ सेकंद व खाली यायला ३ सेकंद घेऊन केलेल्या व्यायामाचा गुणही तितकाच आला. रुग्णाला जो नेम निभावता येईल तो निवडावा, असेच अनुभवी फिजिओथेरपिस्ट सांगतात.

दुखण्याचे माप : व्यायाम करताना थोडे दुखणे चालते, हे रुग्णाला पटवणे अवघड जाते. स्वीडनमधील कारिन सिल्बरनागेल व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वापरलेल्या पद्धतीत १० पैकी ५ पर्यंतची वेदना चालते. मात्र ती दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. ही मर्यादा पाळणाऱ्यांनी धावणे थांबवले नाही, तरी त्यांचे नुकसान झाले नाही. सकाळचा आखडलेपणा वाढला, तर आदल्या दिवशीचा ताण जास्त झाला असे समजून एक पायरी मागे यावे.

पूर्ववत होण्यास बहुधा तीन ते सहा महिने लागतात, कधी अधिक. दुखऱ्या पायावर एकट्याने टाच उचलण्याची संख्या दुसऱ्या पायाच्या बरोबरीस आली की जागच्या उड्या व मग धावणे सुरू करतात. धावणे एक दिवसाआड ठेवतात, कारण जोरकस ताणानंतर पहिला दीड दिवस कंडरेत कोलॅजनची झीज भरपाईहून जास्त असते. दुखणे गेल्यावरही पोटरीचे जड व्यायाम आठवड्यातून एकदोनदा चालू ठेवावे लागतात.