समुद्रापासून लांब: प्रोटीन स्किमरची गोष्ट

तर मंडळी, 1951 मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं ते मरीन ड्राइव्हवर. समोरच अरबी समुद्र! आपलं पुनावळे मात्र घाटाच्या या बाजूला. इथे खारं पाणी म्हणजे आरओचं पाणी आणि विकतचं मीठ. सारखं पाणी बदलायचं म्हटलं की खिशाला कात्री.

हीच अडचण बर्लिनवाल्यांची. तिथे तरी कुठे समुद्र? 1970च्या दशकात तिथल्या हौशी लोकांनी जिवंत खडक आणि दणकट स्किमर ही जोडी रूढ केली. तिला आजही बर्लिन पद्धतच म्हणतात.

जुना स्किमर म्हणजे उभी नळी आणि तळाला एअरस्टोन, तोही लाकडाचा! तत्त्व आजही तेच आहे. प्रथिनाच्या रेणूचा एक भाग पाण्याकडे ओढला जातो, दुसरा पाण्यापासून पळतो, म्हणून तो बुडबुड्याला चिकटतो. फेस वरच्या कपात जातो आणि सडून अमोनिया होण्याआधीच घाण बाहेर. गोड्या पाण्यात बुडबुडे मोठे होतात, तिथे हे जमत नाही. पुढे लाकूड गेलं, नीडल व्हील पंप आला.

मग घ्यायचा कोणता? खोक्यावरचा लिटरचा आकडा मी फारसा मानत नाही. मासे किती, खाणं किती, ते बघा. दोनच क्लाउनफिश असतील तर राक्षसी स्किमर नको. प्रथिनंच कमी, फेस धड धरत नाही. सम्पमधल्या पाण्याची उंची आधी मोजा. आणि हो, लाइट जाऊन आली की कप उतू जाऊ शकतो, त्यामुळे स्किमर सम्पच्या आतच बसणारा घ्या.