अश्वशक्ती आणि लाकडी ब्रेक

इंजिनाची ताकद विकणाऱ्याने सांगायची आणि घेणाऱ्याने मानायची, असा एक काळ होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉटने माप ठरवलं. मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट वर उचललं, की ती एक अश्वशक्ती. पण फिरत्या चाकाची ताकद मोजायची कशी?

१८२१ साली फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने सोपा उपाय काढला. चाकावर दोन लाकडी ठोकळे बोल्टने आवळायचे, त्यांना लांब दांडा जोडायचा आणि टोकाला वजन टांगायचं. इंजिन एकसारखं फिरत असताना दांडा आडवा तोलून राहिला, की हिशेब मांडायचा. दांडा एक मीटरचा, वजन ५ किलो आणि मिनिटाला १,५०० फेरे असतील, तर ताकद सुमारे १० अश्वशक्ती. ही सारी ताकद घर्षणाने उष्णता होते, म्हणून ठोकळ्यांवर पाणी सोडावं लागतं. दांडा अडवायला भक्कम खुंटीही हवी. ठोकळे चाकाला धरले, तर दांडा गरकन फिरून माणसाला लोळवेल.

फौजेत दुरुस्त होऊन आलेल्या इंजिनाचा चाचणीतला आकडा मी आधी विचारायचो. घाटाच्या चढणीवर जवानांचा भरवसा त्याच आकड्यावर असतो. पंपाचं इंजिन घेणाऱ्या शेतकऱ्याचंही तेच आहे. ठोकळे, दांडा आणि वजनं असली, की गावच्या वर्कशॉपमध्येही खरं-खोटं तपासता येतं.