इंग्रजीतील अनेकवचनी षष्ठी: चिन्हाची जागा आणि वाक्याचा अर्थ

एका मुलाचे, अनेक मुलांचे आणि नुसतेच मुलगे या तीन गोष्टी सांगणारी इंग्रजी रूपे कानाला अगदी एकसारखी लागतात. उच्चार तिन्हींचा ‘बॉइझ’. फरक उरतो तो कागदावर, अपॉस्ट्रॉफी या चिन्हाच्या जागेत: “बॉय’स” म्हणजे मुलाचे, “बॉयस’” म्हणजे मुलांचे, “बॉयस” म्हणजे मुलगे. (स्पेलिंगमधला एस इथे आणि पुढे ‘स’ने दाखवला आहे, उच्चार बहुधा ‘झ’ असतो.) अनेकवचनी षष्ठीतला बहुतेक सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पूर्वी असे नव्हते. जुन्या इंग्रजीत राजा या अर्थाच्या शब्दाची एकवचनी षष्ठी “क्युनिंगेस” आणि अनेकवचनी “क्युनिंगा” अशी होती. ऐकणाऱ्याला दोन्हींतला भेद सहज कळे. पुढच्या शतकांत शब्दांचे अंत्य प्रत्यय झिजत गेले आणि अनेकवचन व षष्ठी या दोन्हींचा भार एकट्या एसवर येऊन पडला. अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत आली ती १६व्या शतकात, फ्रेंच रिवाजावरून, आणि तिचे मूळ काम होते गाळलेले अक्षर दाखवण्याचे. एकवचनी षष्ठीसाठी ती १७व्या शतकात रुळली. अनेकवचनी षष्ठीसाठी ती १८व्या शतकात वापरात आली आणि स्थिरावायला १९वे शतक उजाडले. शेक्सपिअरच्या काळात आजचा हा नियम नव्हताच.

शाळेत तो सांगतात असा: एकवचन असेल तर चिन्ह एसच्या आधी, अनेकवचन असेल तर एसच्या नंतर. हा नियम अपुरा आहे आणि म्हणून घातक आहे. तो पाठ केलेला विद्यार्थी “चिल्ड्रनस’ पार्क” लिहितो, “विमेनस’ हॉस्टेल” लिहितो, आणि त्याला चूकही म्हणवत नाही, कारण त्याने नियम पाळलेला असतो. खरा नियम क्रमाचा आहे. आधी मालकाचे अनेकवचन पूर्ण करायचे. मग त्या तयार शब्दाचे शेवटचे अक्षर पाहायचे. तिथे अनेकवचनाचा एस असेल तर नुसते चिन्ह. नसेल तर चिन्ह आणि एस. “गर्ल”चे “गर्लस”, म्हणून “गर्लस’”. “चाइल्ड”चे “चिल्ड्रन”, शेवटी एन, म्हणून “चिल्ड्रन’स”. “मेन’स”, “विमेन’स”, “पीपल’स” त्याच वाटेने. “बॉस” एकटा असताना “बॉस’स”, अनेक झाले की “बॉसेस’”. जोन्स नावाच्या कुटुंबाचे घर “जोन्सेस’ हाउस”. “डॉटर-इन-लॉ”चे अनेकवचन करताना एस पहिल्या शब्दाला लागतो, पण शेवट “लॉ”वरच होतो, म्हणून सुनांचे ते “डॉटरस-इन-लॉ’स”. एकच क्रम सगळीकडे चालतो, अपवादांची यादी पाठ करावी लागत नाही.

मराठी भाषकाची अडचण यापेक्षा वेगळी आहे, आणि तिच्याकडे व्याकरणाच्या पुस्तकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. आपल्या षष्ठीत संख्येच्या दोन खुणा असतात. “मुलाची वही”, “मुलांची वही” यांत मालकाची संख्या सामान्यरूपातल्या अनुस्वाराने कळते. “मुलाची वही”, “मुलाच्या वह्या” यांत वस्तूची संख्या प्रत्ययाच्या शेवटाने कळते. इंग्रजीत दुसरी खूण नाही. चिन्हाची जागा मालकाच्या संख्येवर ठरते आणि वस्तू एक असो की शंभर, तिचा चिन्हाशी काही संबंध नसतो. “बॉय’स बुकस” म्हणजे एकाच मुलाची पुष्कळ पुस्तके, “बॉयस’ बुक” म्हणजे सगळ्यांत मिळून एकच. प्रत्यय वस्तूप्रमाणे बदलण्याची आपली सवय मात्र “बुकस” पाहिले की हात एसच्या पलीकडे नेते. ही चूक निष्काळजीपणाची नाही, आपल्या विभक्तीची आहे. म्हणून शिकवताना “मुलांचे” या शब्दातला अनुस्वार दाखवावा आणि सांगावे की इंग्रजीतल्या चिन्हाची जागा या अनुस्वाराचे काम करते. चा-ची-चेचे काम करणारे तिथे काही नाही.

क्रियापदाचा मेळ मुख्य नामाशी असतो, हे वेगळे सांगावेसे वाटत नाही, पण लांब वाक्यात ते निसटते. “द प्लेअरस’ कोच हॅज कम” यात खेळाडू अनेक, पण आलेला माणूस एक. मुख्य नाम गाळले तरी हिशेब तोच राहतो: “अवर रूम इज स्मॉल, द गर्लस’ इज बिग”. इथे “गर्लस’” या शब्दानंतर “रूम” अध्याहृत आहे, म्हणून “आर” चालत नाही.

सगळ्यांत सूक्ष्म प्रश्न उभा राहतो तो “ए गर्लस’ स्कूल” अशा रचनेत. एकवचनी “ए” आणि अनेकवचनी “गर्लस” एकत्र कसे? उत्तर असे की “ए” हा “गर्लस”चा नाहीच, तो “स्कूल”चा आहे. इथली षष्ठी मालक सांगत नाही, प्रकार सांगते: मुलींसाठीची शाळा, अशा अनेक शाळांपैकी एक. उलट “दीज गर्लस’ स्कूल” म्हटले की “दीज” थेट मुलींना जाऊन लागतो आणि या विशिष्ट मुलींची शाळा असा अर्थ होतो. आता “ॲन ओल्ड गर्लस’ स्कूल” पाहा. जुनी काय, तर सहसा शाळा. पण “द ओल्ड गर्लस’ स्कूल” म्हटले तर जुनी शाळा की माजी विद्यार्थिनींची शाळा, दोन्ही अर्थ निघू शकतात. मालकवाचक आणि प्रकारवाचक षष्ठीचे रूप एकच, पण आधी आलेले विशेषण कोणाला चिकटते यावरून भेद उघड होतो.

पाट्यांवरून चिन्ह गळते ते मुख्यतः या प्रकारवाचक षष्ठीतच, कारण मालकी पुसट झालेली असते. अमेरिकेत ११ नोव्हेंबरचा “व्हेटरनस डे” अधिकृतपणे चिन्हाविना लिहितात. तो दिवस माजी सैनिकांच्या मालकीचा नव्हे, त्यांच्या सन्मानाचा, अशी त्यामागची भूमिका. “मदर’स डे”साठी झटणाऱ्या ॲना जार्व्हिस यांनी मात्र एकवचनी षष्ठीचाच आग्रह धरला: प्रत्येक घराने आपापल्या आईचा गौरव करावा, जगातल्या समस्त मातांचा एकत्रित नव्हे. लंडनच्या पिकॅडिली मार्गावर लगतच्या दोन स्थानकांपैकी “अर्ल’स कोर्ट”ला चिन्ह आहे, “बॅरनस कोर्ट”ला नाही. विशेषनामांत असा रिवाज पडला की तो तसाच पाळावा.

सामान्य लेखनात मात्र मी चिन्ह ठेवण्याच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारण आहे. “टीचरस युनियन”मधला पहिला शब्द नुसते विशेषण आहे, तिथे षष्ठी नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या जागी ज्याच्या शेवटी एस येत नाही असे अनेकवचन घालून पाहावे. “विमेन युनियन” कोणी सहसा म्हणत नाही. जीभ आपसूक “विमेन’स युनियन” म्हणते. जिथे षष्ठी ऐकू येण्याची सोय आहे तिथे ती ऐकू येते, म्हणजे एसान्त शब्दांतही ती आहेच, फक्त दबलेली. हीच कसोटी काळाच्या मोजमापालाही लावता येते. “वन वीक’स नोटिस”मध्ये षष्ठी स्पष्ट आहे, म्हणून “टू वीकस’ नोटिस”मध्येही चिन्ह हवे. २००२ साली याच नावाचा हॉलिवूडचा चित्रपट आला तो ते चिन्ह गाळून.

सर्वनामांचे थोडक्यात. “देअरस”, “अवरस” यांना चिन्ह कधीच नाही. “ईच अदर’स” कायम एकवचनी, माणसे कितीही असोत. पण “इतरांचे” म्हणायचे तर “अदरस’”. संयुक्त मालकीत एकच खोली दोन गटांची असेल तर चिन्ह शेवटच्या नामाला, “टीचरस अँड स्टुडंटस’ रूम”. खोल्या वेगवेगळ्या असतील तर दोन्हींना.

राहिला प्रश्न बोलण्याचा. “माय सिस्टरस’ हाउस” मोठ्याने वाचले की बहीण एक की अनेक, हे श्रोत्याला कळायला मार्ग नाही. बातमीपत्र, भाषण, न्यायालयातला युक्तिवाद अशा ठिकाणी चिन्हावर विसंबू नये, “ऑफ”ची रचना घ्यावी: “द हाउस ऑफ माय सिस्टरस”. करारनाम्यात तर लिहितानाही हीच खबरदारी घ्यावी. “द टेनंटस’ डिपॉझिट” असे लिहिले आणि टंकनात चिन्ह एक घर अलीकडे सरकले, तर सगळ्या भाडेकरूंची अनामत एकाची होऊन बसते; “द डिपॉझिट ऑफ ऑल द टेनंटस” या रचनेत तशी चूक व्हायला जागाच नाही.