सीमेपलीकडचा आवाज

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यपुनर्रचना अमलात आली आणि चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कचेऱ्यांची भाषा बदलली, शाळांचे प्रश्न उभे राहिले. परंतु कॅम्पातील आम्हा मराठी कुटुंबांचा रेडिओ मराठी बोलतच राहिला. हे कसे घडले, ते समजण्यासाठी लहरींचे थोडे शास्त्र पाहावे लागते.

माणसाचा आवाज आहे तसा आकाशात सोडता येत नाही. सेकंदाला १००० कंपने असलेल्या स्वराची रेडिओलहर ३०० किलोमीटर लांबीची होईल. तिच्यासाठी पाव लांबीचा मनोरा धरला, तरी तो ७५ किलोमीटर उंच हवा! म्हणून सेकंदाला लक्षावधी कंपनांची वाहक लहर घेतात आणि आवाजाच्या चढउतारांनुसार तिची उंची कमी-अधिक करतात. यालाच ए.एम. म्हणतात. घरचा संच वाहक लहर गाळून तेवढा चढउतार कर्ण्याला देतो. १९०० मध्ये अमेरिकेत फेसेंडेन यांनी बिनतारी यंत्राने मानवी बोलणे सुमारे दीड किलोमीटर पोहोचवले होते.

६ ऑक्टोबर १९६३ रोजी आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले. त्याची १२५१ किलोहर्ट्झची मध्यम लहर सुमारे २४० मीटर लांब. अशी लहर जमिनीला धरून दूरवर जाते. सांगलीपासून निपाणी सरळ रेषेत सुमारे ५० आणि बेळगाव सुमारे ११० किलोमीटर; मध्ये राज्याची सीमा आहे, हे त्या लहरीच्या गावीही नव्हते. रात्री तर वातावरणाच्या वरच्या थरावरून परतणाऱ्या लहरींमुळे शेकडो किलोमीटरवरची केंद्रेही लागत.

मध्यम लहरीत खरखर फार. वीज चमकली की लहरीची उंची बिघडते आणि तोच बिघाड कानी पडतो. आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये पेटंट घेतलेल्या एफ.एम. पद्धतीत उंचीऐवजी कंपनसंख्या बदलते, म्हणून आवाज स्वच्छ येतो. मात्र तिच्या सुमारे ३ मीटरच्या लहरी बहुतांशी सरळ जातात. डोंगर आणि पृथ्वीची वक्रता त्यांना अडवते. स्वच्छ आवाज जवळचा राहिला, खरखरणारा दूर गेला.

आज मोबाईलवर कोठलेही मराठी केंद्र ऐकता येते. तरीही बातम्या, कीर्तन, नाट्यसंगीत यांतून प्रमाण मराठी आमच्या मुलांच्या कानांवर पडत राहिली, याचे मोठे श्रेय त्या खरखरत्या लहरीला द्यावे लागेल. तिने भाषा उंबऱ्यापर्यंत आणली; घरात ती बोलती ठेवण्याचे काम आपले आहे.